भंगाराचे तीस हजार की सुट्या भागांचे साडेपन्नास: मामांच्या स्विफ्टचं प्रकरण

"तीस हजार. जशी आहे तशी. आत्ता उचलतो."

भंगारवाल्याने गाडीभोवती एक चक्कर मारून भाव सांगितला, तेव्हा मामांनी माझ्याकडे पाहिलं. चक्कर मारताना त्याने चारही चाकं वाकून बघितली होती आणि डिकी उघडून सबवूफरच्या (खर्जाच्या मोठ्या स्पीकरच्या) खोक्यावर हात फिरवला होता. बॉनेट मात्र त्याने उघडलंच नाही. मामा चाळीस वर्षं कारखान्यात स्टोअरला होते. माल बघायला आलेला माणूस काय बघतो यापेक्षा काय बघत नाही, याकडे त्यांचं लक्ष असतं. "त्याला गाडी नकोय, तिच्या अंगावरचे दागिने हवेत," एवढंच ते म्हणाले, आणि भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठवलं.

ही गोष्ट जून २०२५ ची, सिंहगड रोडवरच्या सोसायटीतली. गाडी २००९ ची पेट्रोल स्विफ्ट, १२९८ सीसीच्या जुन्या इंजिनाची. फेब्रुवारी २०२४ मध्ये खंबाटकी घाटात ती तापली आणि इंजिनाचं हेड वाकलं. गॅरेजने पंचावन्न हजारांचा अंदाज दिला. लगेच मार्चमध्ये पंधरा वर्षांची नोंदणी संपली. नोंदणी वाढवायची तर गाडी तपासणीला स्वतःच्या चाकांवर जायला हवी, आणि ती तर पार्किंगमधून बाहेर पडत नव्हती. विमा फक्त थर्ड पार्टी, म्हणजे तिकडूनही काही येणार नव्हतं. सव्वा वर्षं ती धूळ खात उभी राहिली. शेवटी सोसायटीची चिठ्ठी आली आणि मामांनी मला बोलावलं.

तीस हजार नाकारण्यामागे दागिन्यांपेक्षा मोठं कारण आरसीचं होतं. भंगारवाल्याला आरसी रद्द करून देणं जमणार नव्हतं. "काका, कोण विचारतंय" हे त्याचं उत्तर. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाली की मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर तसं आरटीओला कळवायचं असतं. नाही कळवलं तर कागदावर गाडी जिवंतच राहते. तिची नंबर प्लेट किंवा चासी नंबर उद्या दुसऱ्या गाडीवर चढला, तर पहिला फोन मामांना येणार. म्हणून धड सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रातच द्यायचं ठरलं. २०२१ च्या नियमांनंतर अशी केंद्रं सुरू झाली आहेत. गाडी जमा केल्यावर ती ठेव प्रमाणपत्र देतात, आणि त्यावर नोंदणी रद्द होते.

आम्ही ज्या केंद्राला फोन केला, त्यांनी चोवीस हजार सांगितले. अट अशी की इंजिन, गिअरबॉक्स, सायलेन्सर आणि बॅटरी जागेवर हवी, आणि गाडी चाकांवर उभी हवी. कंपनीतून आल्यावर मालकाने वरून जे बसवलं, ते काढून घ्यायला त्यांची हरकत नव्हती. म्हणजे आम्ही काय विकू शकतो त्याची सीमा आयतीच आखली गेली: चार अलॉय चाकं, टायर आणि सगळी म्युझिक सिस्टिम. मूळ लोखंडी चाकं मामांनी २०११ पासून माळ्यावर पोत्यात बांधून ठेवली होती. त्यांचे टायर लाकडासारखे कडक झाले होते, पण हवा धरत होते. केंद्राच्या ट्रकवर चढेपर्यंत गाडी लोटायला तेवढं पुरे.

(सायलेन्सरची अट का, असा प्रश्न पडला असेल तर: त्याच्या पोटातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे धातू असतात. इको गाड्यांचे सायलेन्सर रातोरात कापून नेण्याच्या बातम्या आपल्याकडे त्यासाठीच येतात. आम्ही जाहिरात टाकल्यावर "सायलेन्सर देता का" असं विचारणारेही दोन फोन आले. दोघांनीही गाडी कुठली हे विचारलं नाही.)

आता सिस्टिमबद्दल. मामांना शास्त्रीय संगीताचं वेड, आणि तबल्याचा डग्गा गाडीत "घुमला पाहिजे" हा हट्ट. म्हणून २०११ मध्ये त्यांनी बुधवार पेठेतून, पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून, एकेक वस्तू जमवली होती. पायोनियरचा हेड युनिट (डॅशबोर्डमधला मुख्य प्लेयर), चार चॅनेलचा ॲम्प (आवाजाची ताकद वाढवणारा ॲम्प्लिफायर), जेबीएलचा बारा इंची सबवूफर आणि दारांमध्ये साडेसहा इंची कंपोनंट स्पीकर, म्हणजे बारीक आवाजाचा ट्वीटर वेगळा असलेले. आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: प्रत्येक वस्तूचं बिल. अलॉय मारुतीच्या शोरूममधून घेतलेले, त्यांचंही बिल. एका प्लॅस्टिकच्या फायलीत, चौदा वर्षं. मी त्या फायलीला हसलो होतो.

पहिली चूक वस्तू काढतानाच झाली. अलॉय आणि स्पीकर आम्ही दोघांनी उतरवले, पण डॅशबोर्ड उघडायला ओळखीचा मेकॅनिक बोलावला. तो पंधरा मिनिटांत मोकळा झाला. हेड युनिट हातात आला तेव्हा त्याच्या मागे चार बोटं लांबीच्या तुटक्या वायरी लोंबत होत्या. प्लग दाबून सोडवायचा असतो. त्याने पक्कडीने वायरी कापल्या होत्या. डॅशबोर्डमध्ये युनिट ज्या पत्र्याच्या चौकटीत बसतं, ती चौकटही वाकवली. खरं तर पिवळी कायमच्या बारा व्होल्टची, लाल चावीची, काळी अर्थची, निळी-पांढरी ॲम्प चालू करणारी, हे रंग ठरलेले असतात, त्यामुळे माहीतगार माणूस दहा मिनिटांत जोडणी करतो. पण घेणाऱ्याला कापलेल्या वायरी दिसल्या की पहिला विचार येतो तो चोरीचा. रात्रीत काच फोडून काढलेली सिस्टिम अशीच दिसते. दोनशे रुपयांच्या प्लगने दोन हजारांचा भाव पाडला.

पहिली जाहिरात मी लिहिली. "कार म्युझिक सिस्टिम आणि अलॉय व्हील्स, उत्तम स्थितीत, किंमत बोलून." दोन दिवसांत चाळीसेक मेसेज. जवळजवळ सगळे "लास्ट प्राइस?" किंवा नुसता अंगठा. एकही माणूस दारात आला नाही. मामांनी जाहिरात वाचून विचारलं, "यात विकायचंय काय ते कुठे लिहिलंय?"

दुसरी जाहिरात त्यांनी स्टोअरच्या नोंदवहीसारखी लिहिली. अलॉयच्या आतल्या बाजूला ठोकलेले आकडे पुसून, फोटो काढून दिले: चौदा इंच, पीसीडी ४×१०० (म्हणजे १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर चार नट), मधलं भोक ५४.१ मिलिमीटर. टायरच्या कडेवरचे चार आकडी तारखेचे शिक्के दिले. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. आमच्या दोन टायरवर ३१२२ होतं, म्हणजे २०२२ चा एकतिसावा आठवडा, आणि उरलेल्या दोनांवर १४१६. ते दोन जुने टायर विकायचेच नाहीत असं मामांनी ठरवलं. सबवूफरच्या खोक्यावर ठळक १००० वॅट छापलेलं असतं आणि बारीक अक्षरात २५० आरएमएस, म्हणजे सलग पेलता येणारी खरी ताकद. मामांनी फक्त २५० लिहिलं. मी म्हटलं, "मामा, सगळे हजारच लिहितात." ते म्हणाले, "म्हणून तर."

शिवाय दोष लिहिले. एक अलॉय बॅलन्सिंग मशिनवर किंचित लचकतो. डावा ट्वीटर बंद आहे. हेड युनिटच्या वायरी कापलेल्या आहेत, पुढचा पॅनेल आहे, रिमोट सापडत नाही. शेवटची ओळ: "बिलं आहेत. घरी येऊन वाजवून बघा."

ही शेवटची ओळ खरी करायला मामांनी गॅलरीत एक टेबल मांडलं. स्विफ्टची बॅटरी गॅरेजमध्ये चार्ज करून आणली, मल्टिमीटरवर १२.६ व्होल्ट दाखवेपर्यंत. ॲम्पला जाड वायर, मध्ये फ्यूज, आणि ॲम्पवरच्या 'रिमोट' नावाच्या खुंटीला बारा व्होल्टच्या वायरीचा एक वेगळा तुकडा, कारण तो दिल्याशिवाय ॲम्प जागाच होत नाही. कित्येक चांगले ॲम्प या एका वायरीपायी "बंद आहे" म्हणून भंगारात जातात. प्रत्येक स्पीकरचा रोध मोजून चिकटपट्टीवर लिहिला. चार ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण साडेतीन दाखवतो, उजवा ३.५, डावा ३.४, सबवूफर ३.६. डाव्या ट्वीटरला काहीच नाही, म्हणजे कॉइल जळालेली. सबवूफरचा पडदा चार बोटांनी सगळीकडून सारखा दाबून बघितला. आत कॉइल घासत असेल तर खरखर ऐकू येते. आली नाही. कडेची गादी रबराची होती म्हणून पुण्याच्या चौदा पावसाळ्यांनंतरही टिकली. फोमची असती तर बोट लावताच भुगा झाला असता.

या टेबलाने जे केलं ते जाहिरातीने केलं नसतं. जुना माल घेणाऱ्याच्या मनात दोन भीती असतात: चालेल का, आणि चोरीचा तर नाही ना. पहिलीचं उत्तर बॅटरीवर, दुसरीचं फायलीत. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा आपल्या जुन्या बाजारात रविवारी फिरणाऱ्या कोणालाही पोलीस आले की काय होतं ते माहीत असतं. तिथे तोच ॲम्प हजार-बाराशेला मिळेल. आमच्याकडे साडेचारला गेला. माल तोच, मधल्या तीन हजारांना मामांची फाईल कारण.

तरीही सगळं सरळ गेलं नाही.

अलॉयसाठी पहिला आला तो होंडा सिटीवाला, थेट पिंपरीहून. पीसीडी जुळते म्हणून खूश. एक चाक लावून बघू म्हणाला आणि ते बसेना. सिटीचा हब (चाक ज्यावर बसतं तो मधला गोल) ५६.१ चा, आमचं भोक ५४.१ चं. मोठ्या भोकाचं चाक लहान हबवर रिंग टाकून बसवता येतं, उलटं होत नाही. "घासून घेतो ना लेथवर," म्हणाला. मामांनी नाही सांगितलं. चाक कुठे निखळलं तर नाव कोणाचं घेतील? तो चिडून गेला. जाहिरातीत आकडा लिहिलेला असूनही तो आला होता, कारण त्या आकड्याचा अर्थ त्याला माहीत नव्हता. नंतर मामांनी खाली एक ओळ वाढवली: "सिटीला बसत नाही." चार दिवसांनी आय-टेनवाला एक मुलगा आला, त्याचा हब ५४.१ चा. सोळापासून घासाघीस सुरू झाली, लचकणाऱ्या चाकाचा फोटो त्याने दर पाच मिनिटांनी काढून दाखवला, आणि साडेअकरा हजारांवर सौदा ठरला. नवे दोन टायर गॅरेजवाल्याने चोवीसशेला घेतले.

त्याच्या आधी, तिसऱ्याच दिवशी, एक फोन आला होता. हिंदीत, अदबीने. आर्मीत आहे, पुण्यात पोस्टिंग झालीय, सोळा हजार मंजूर, माणूस पाठवून उचलतो, पैसे आत्ता पाठवतो. भाव कमी करा म्हणाला नाही, लचकणाऱ्या चाकाबद्दल विचारलं नाही. पाच मिनिटांत मामांच्या फोनवर पैशांची रिक्वेस्ट. "पिन टाका, पैसे येतील." मामांनी फोन माझ्यापुढे धरला. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "ज्याने घासाघीस केली नाही तो गिऱ्हाईक नव्हेच." त्यांना यूपीआयचं तंत्र नीट कळत नव्हतं, पण माणूस कळला. पुढे १ ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने दोन व्यक्तींमधल्या अशा रिक्वेस्ट बंदच केल्या. मात्र पैसे "घेण्यासाठी" क्यूआर कोड स्कॅन करायला लावणारे आहेतच, आणि पैसे पाठवल्याचा खोटा स्क्रीनशॉट दाखवणारेही. आम्ही दर वेळी बँकेचं ॲप उघडून शिल्लक बघितली, मगच वस्तू हातात दिली. कोणाचे पैसे गेलेच, तर तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत फुटत जाते.

दुसरा एक गृहस्थ जीएसटीचं बिल मागत होता. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेच्या जैसलमेरच्या बैठकीत जुन्या गाड्यांवर अठरा टक्के ठरल्यापासून हा गोंधळ फार झालाय. तो कर नोंदणीकृत विक्रेत्याने धंदा म्हणून विकलेल्या गाडीवर, तोही नफ्याच्या फरकावर. घरातली वापरलेली वस्तू विकणाऱ्या निवृत्त माणसाचा त्याच्याशी संबंध नाही. मामांनी त्याऐवजी साध्या कागदावर पावती दिली: वस्तू, अनुक्रमांक, रक्कम, तारीख, सांगितलेले दोष, "बघून, वाजवून घेतली", दोघांच्या सह्या. मूळ बिलाची झेरॉक्स सोबत. एक प्रत स्वतःकडे. हीच पावती पुढे कामाला आली.

ॲम्प घेतला तो चाकणचा मुलगा, एका कारखान्यात कंत्राटी कामगार. साडेचार हजार रोख दिले, सोबत वायरिंगचं किट फुकट मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी रात्री साडेदहाला त्याचा फोन: "काका, तुमचा ॲम्प गेला. लाल लाईट लागलीये. पैसे परत द्या." मामांचा चेहरा पडला. आमच्याकडे व्हिडिओ होता, गॅलरीत त्याच्यासमोर ॲम्प वाजतोय, मागचा अनुक्रमांक दिसतोय, मीटर १२.५ दाखवतोय. पावतीवर त्याची सही होती. मी म्हटलं, स्पष्ट सांगून टाका, आपला संबंध संपला. मामा म्हणाले, "थांब. आधी त्याला जोडणीचा फोटो पाठवायला सांग."

फोटो आला आणि कोडं सुटलं. त्याच्याकडे चार-चार ओहमचे दोन सबवूफर होते. त्याने दोन्ही समांतर जोडून ॲम्पच्या मागच्या दोन चॅनेलवर ब्रिज करून (दोन्ही चॅनेल एक करून) लावले होते. दोन चार-ओहम समांतर म्हणजे दोन ओहम. ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनेलच्या वाट्याला त्याचं निम्मं, एक ओहम. आमचा ॲम्प ब्रिजमध्ये चार ओहमच्या खाली चालत नाही, हे त्याच्या मागच्या पट्टीवर छापलेलं होतं. जास्त करंट ओढला जातोय हे बघून त्याने स्वतःला बंद करून घेतलं. लाल लाईट म्हणजे मरण नव्हे, बचाव. मामांनी त्याला फोनवर सांगितलं: बॅटरीची अर्थ काढ, पंधरा मिनिटं थंड होऊ दे, मग एका चॅनेलला एक सबवूफर लाव, ब्रिज नको. सव्वाअकराला त्याचा व्हिडिओ आला. गाडीच्या काचा थरथरत होत्या.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणात तो पाऊण तास सगळ्यात मोलाचा होता. पावती दाखवून फोन ठेवता आला असता, आणि कायद्याने आम्ही बरोबरच होतो; घेणाऱ्याने नीट पारखून घ्यावं हे तत्त्व वस्तू विक्री कायद्यात १९३० पासून आहे. पण त्या मुलाने पुढच्या आठवड्यात त्याच्या मित्राला सबवूफरसाठी पाठवलं. तो खोक्यासकट अडतीसशेला गेला, एक रुपयाही न घासता.

हेड युनिट कोल्हापूरच्या एकाने फोटोवर घेतला. मागितले पाच हजार, मिळाले सत्तावीसशे; बाकीचे मेकॅनिकच्या पक्कडीने नेले. कात्रजवरून ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पार्सल पाठवलं, पुढचा पॅनेल काढून वेगळा कपड्यात गुंडाळून, कारण तो फुटला तर मागे उरतो तो नुसता पत्र्याचा डबा. दारांचे स्पीकर बंद ट्वीटरसकट सोळाशेला.

सुट्या वस्तूंचे एकूण साडेसव्वीस हजार. ऑगस्टमध्ये केंद्राचा ट्रक आला, गाडी लोखंडी चाकांवर लोटत नेली, चोवीस हजार खात्यात. म्हणजे साडेपन्नास. मेकॅनिकचे पंधराशे, पॅकिंग, पेट्रोल, पार्सलचे नऊशे वजा केले, तर भंगारवाल्यापेक्षा अठरा हजार शंभर जास्त. त्यासाठी लागले सात आठवडे आणि साठेक फोन. मी नोकरी सांभाळून हे केलं नसतं. तीस नसते घेतले, पण सगळी सिस्टिम गाडीतच सोडून चोवीस घेतले असते. मामांना दुपारचा वेळ होता, आणि गॅलरीतल्या टेबलाभोवती रोज कोणी ना कोणी येऊन बसत होतं, हे त्यांच्या हिशेबात धरलंय की नाही ते मला ठाऊक नाही. मामी म्हणतात, धरलेलं नाही, पण धरायला हवं होतं. निदान चहाचं तरी.

गाडी गेल्यावर मामा माळा आवरायला चढले. लोखंडी चाकांच्या पोत्याखाली एक बिस्किटांचा डबा निघाला. त्यात अलॉयचे जास्तीचे दोन नट, ॲम्पचं माहितीपत्रक, आणि हेड युनिटचा रिमोट. त्यांनी नवा सेल घालून तो दाबून बघितला, फोनच्या कॅमेऱ्यात टोकाचा जांभळा ठिपका लुकलुकला, म्हणजे चालू. दुसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन पाकीट कोल्हापूरला पाठवलं. पैसे मागितले नाहीत.

चार दिवसांनी तिकडून मेसेज आला: "रिमोट मिळाला काका. अजून काय हाय काय इकायचं?"